बारा खणांतील हिशोब

निवृत्तीच्या दिवशी शाखेतील सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ दिले. ज्याने छत्तीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर काढली त्याला पुन्हा घड्याळच भेट मिळावे, यातील विनोद त्या वेळी कुणाच्या ध्यानात आला नाही. पहिली दोन वर्षे यात्रा, लग्नकार्ये आणि नातवंडे यांत निघून गेली. तिसऱ्या वर्षी दिवाळीपूर्वी माळा आवरताना धाकट्या चिरंजीवांची गिटार हाती लागली. बारावीच्या वर्षी अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ती माळ्यावर टाकायला मीच लावली होती. परीक्षा झाली, शिक्षण झाले, नोकरीसाठी मुलगा बंगळूरला गेला. गिटार मात्र खाली आली नाही. धूळ पुसताना माझ्या मनात काय चालले होते ते सौभाग्यवतींनी ओळखले असावे. त्या म्हणाल्या, "अहो, एक तर ती विका, नाही तर वाजवा. पुन्हा वर ठेवू नका."

विकायला मन धजले नाही, तेव्हा दुसरा पर्याय उरला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी गिटारच्या शिकवणीस जाऊ लागलो. तेथे जे शिकलो त्याचा संबंध संगीताइतकाच वहीखात्यांशी आहे. आपण बहुतेक वाचक पेढीवर वाढलेले, म्हणून ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

पहिला धडा

आमच्या सांगलीच्या घराजवळ एक सव्वीस वर्षांचा तरुण शिकवणी घेतो. मी त्यांना 'सर' म्हणतो, ते मला 'काका' म्हणतात. पहिल्याच दिवशी मी माझी मागणी मांडली : जुनी हिंदी चित्रपटगीते वाजवता आली की पुरे. सर हसले. म्हणाले, "काका, त्या गाण्यांना आठ-दहा कॉर्ड लागतात, प्रत्येक गाण्याच्या निराळ्या. आधी तीन कॉर्डमध्ये मावणारे काहीतरी घेऊ. बारा बारचा ब्लूज घेऊ."

ब्लूज हा शब्द मी ऐकला होता. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. सरांनी वहीत एका ओळीत चार याप्रमाणे तीन ओळींत बारा चौकोन आखले. आपल्या भाषेत बारा खण म्हणू. प्रत्येक खणात चार मात्रा, म्हणजे एका आवर्तनात अठ्ठेचाळीस. कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी छेडणे. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला नवखी असते. पण 'सा'वर उभारलेली, 'म'वर उभारलेली आणि 'प'वर उभारलेली अशा तीनच कॉर्ड येथे लागतात. पहिले चार खण 'सा'चे. पाचवा आणि सहावा 'म'चा. सातवा-आठवा पुन्हा 'सा'चा. नववा 'प'चा, दहावा 'म'चा, अकराव्यात 'सा'वर परत यायचे आणि बाराव्यात 'प'वर जाऊन पुढच्या आवर्तनाचे दार उघडायचे. एवढ्या आराखड्यावर हजारो गीते उभी आहेत.

आकृती पाच मिनिटांत पाठ झाली. हाताला मात्र पाच महिने लागले. नोटा मोजण्यात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तयार झाली होती. डाव्या हाताच्या अनामिकेला आणि करंगळीला आयुष्यात कधी स्वतंत्र काम पडले नव्हते. पोलादी तारांनी पहिल्या पंधरवड्यात बोटांची टोके लाल झाली, नंतर त्यांवर घट्टे पडले. त्याहून अवघड होती लय. ब्लूजची चाल सरळ नसते. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. त्यामुळे चालीला एक लंगडत जाणारा झोका येतो. सरांचे एकच पालुपद असे, "काका, अंगठा सोडू नका. बाकीची बोटे चुकली तरी चालतील, अंगठा चालत राहिला पाहिजे." या पद्धतीत उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर सूर काढतात. ठेका आणि सूर दोन्ही एकाच माणसाच्या हातात. साथीला दुसरा कुणी नसलेल्या माणसांनी घडवलेले हे वादन आहे.

ही माणसे कोण होती, हे जाणून घ्यावे असे मला तेव्हा प्रथम वाटले.

कापसाच्या मळ्यातील दुकान

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्याच्या वायव्येस मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमध्ये पुराच्या गाळाने बनलेला सपाट, काळ्या मातीचा, अत्यंत सुपीक पट्टा आहे. त्याला डेल्टा म्हणतात. तेथे कापूस पिके. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांजवळ जमीन नव्हती, बैल-खेचर नव्हते, बी नव्हते. मळेवाल्यांजवळ जमीन होती, पण राबणारे हात हवे होते. यातून वाट्याने, म्हणजे अर्धेलीने शेती करण्याची पद्धत रूढ झाली. मालकाने जमीन, बियाणे, अवजारे आणि राहण्यास खोपटे द्यायचे, कुळाने राबायचे, कापूस विकला की निम्मा वाटा कुळाचा.

कागदावर यात काही गैर दिसत नाही. आपल्याकडेही अर्धेली आहे. खरी मेख दुकानात होती. पीक हाती येईपर्यंत कुटुंबाने खायचे काय? मळ्याचे स्वतःचे दुकान असे. पीठ, गूळपाक, खारवलेले मांस, कापड, बूट, सारे तेथून उधारीवर न्यायचे आणि ते मालकाच्या वहीत लिहिले जायचे. काही मळ्यांवर तर मालकाचेच नाणे चाले, जे त्या दुकानाबाहेर निरुपयोगी असे. १८९५ साली वसवलेला डॉकरी मळा हे याचे प्रसिद्ध उदाहरण. याच मळ्यावर चार्ली पॅटन हा डेल्टा ब्लूजचा आद्य गायक-वादक राहिला आणि त्याच्याभोवती शिकणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. वर्षाअखेरीस, नाताळाच्या सुमारास, हिशोब होई. कुळाला कचेरीत बोलावून सांगत, "तुझा वाटा इतका, दुकानाची उधारी आणि व्याज इतके, तुझ्याकडेच बाकी निघते." ती बाकी पुढील वर्षाच्या पानावर ओढली जाई. कुळाला वाचता येत नसे, आणि येत असले तरी वही पाहायला मागण्याची सोय नव्हती. हिशोबावर शंका घेणाऱ्या कृष्णवर्णीयाला त्या काळच्या दक्षिणेत मार, हकालपट्टी आणि प्रसंगी प्राणही गमवावा लागे.

हे वाचले तेव्हा मला वडिलांचे दुकान आठवले. जयसिंगपूरला आमचे किराणा मालाचे दुकान होते. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी उसाचे किंवा तंबाखूचे पैसे येईपर्यंत उधारीवर माल नेत. वडिलांची शिस्त अशी की, आमच्या खतावणीत जे नावे पडेल तेच ग्राहकाच्या छोट्या वहीत त्याच्यासमोर लिहायचे. ज्याला वाचता येत नसे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. "वही दोघांची असते," असे ते म्हणत. त्यांना व्याज माफ करताना मी फारसे पाहिले नाही. ते चोख व्यापारी होते. पण त्यांच्या वहीला दोन वाचक होते. डेल्टातील वहीला एकच होता, आणि माझ्या मते ब्लूजचे निम्मे दुःख त्या एका वाक्यात आहे.

येथवर मी स्वतःवर खूष होतो. नंतर दुसरी आठवण आली, ती वडिलांच्या वहीइतकी सुखाची नाही.

१९८० च्या दशकात मी जत तालुक्यातील एका खेड्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. दुष्काळी मुलूख. विहिरीवरील मोटारीसाठी दिलेली कर्जे थकलेली. कर्जाला तीन वर्षे होण्याआधी कर्जदाराकडून बाकी मान्य असल्याची लेखी कबुली घ्यावी लागते, नाही तर मुदतीच्या कायद्यामुळे वसुलीचा दावा लटका पडतो. वर्षअखेर जवळ आली की आम्ही मोटारसायकलवरून वस्त्या पालथ्या घालत असू. एका संध्याकाळी एका वयस्कर शेतकऱ्यापुढे मी तो छापील कागद धरला. ते म्हणाले, "साहेब, घेतलं त्याच्यापेक्षा एवढं जास्त कसं झालं, ते जरा वाचून दाखवा की." अंधार पडत आला होता. मला आणखी चार वस्त्या करायच्या होत्या. मी म्हणालो, "सगळं बरोबर आहे, बाबा. इथं अंगठा करा." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली.

तो हिशोब खरोखर बरोबर होता. व्याजाचा एक पैसाही चुकलेला नव्हता. शाखेची तपासणी झाली तेव्हा माझ्या कागदपत्रांची प्रशंसाही झाली. पण दहा मिनिटे बसून तो हिशोब त्यांना वाचून दाखवला असता तर वही दोघांची झाली असती. वडिलांची शिस्त मला तोंडपाठ होती आणि ती मी त्या दिवशी पाळली नाही. चाळीस वर्षे ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटलेच नव्हते. "काका, अंगठा सोडू नका," असे सर म्हणतात तेव्हा आता मला तो शाईचा अंगठा दिसतो.

एका तारेपासून

ज्यांच्या हाती वही नव्हती त्यांनी हाती तार घेतली. डेल्टातील मुले केरसुणी बांधायची तार काढून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणत, तिच्याखाली बाटली किंवा दगड सरकवून ताण देत, आणि दुसऱ्या बाटलीने तार घासत सूर काढीत. पुढे टपालाने माल पाठवणाऱ्या सीअर्स-रोबकसारख्या कंपन्यांच्या सूचीपत्रांतून स्वस्त गिटारी खेड्यापाड्यांत पोहोचल्या. पियानोपेक्षा स्वस्त, खांद्यावर टाकून नेण्याजोगी, आणि तारेवर चाकू किंवा बाटलीचा गळा सरकवला की माणसासारखी विव्हळणारी : गिटारने या लोकांचे मन जिंकले.

डब्ल्यू. सी. हँडी नावाचा शिकलेला बँडमास्तर १९०३ च्या सुमारास टटवायलर या लहानशा स्टेशनवर रखडलेल्या गाडीची वाट पाहत झोपला होता. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतील एक माणूस तारांवर चाकू दाबून गिटार वाजवीत होता. असे विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे हँडीने आत्मचरित्रात लिहिले आहे. तो वादक कोण हे कुणालाच कळले नाही. हँडीने मात्र त्या वळणाच्या रचना कागदावर उतरवल्या. १९१२ सालच्या 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क त्याने किरकोळ रकमेस विकले आणि नफा दुसऱ्यांनी मिळवला. त्यातून धडा घेऊन १९१४ सालचे 'सेंट लुईस ब्लूज' त्याने भागीदारीतील स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतर्फे काढले आणि ते त्याला जन्मभर पुरले. माल आणि मालकी यांतील फरक व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

या परंपरेतील सर्वांत गाजलेली दंतकथा रॉबर्ट जॉन्सनची. हा तरुण सुरुवातीस इतके वाईट वाजवी की, ज्येष्ठ वादक सन हाउस त्याला गिटारला हात लावू देत नसत. काही काळ तो नाहीसा झाला आणि परतला तो असा वाजवू लागला की ऐकणारे थक्क झाले. लोकांनी कथा रचली : याने मध्यरात्री चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकला. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा निष्पन्न झाले ते असे की, तो आपल्या जन्मगावाकडे जाऊन आइक झिमरमन नावाच्या एका वादकाकडे शिकत होता. दोघे रात्री दफनभूमीत बसून सराव करीत, कारण तेथे कुणाची झोपमोड होत नसे. १९३६ आणि १९३७ मध्ये दोन वेळा मिळून त्याने २९ गीते ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी तो वारला. परिश्रमापेक्षा सैतानावर विश्वास ठेवणे लोकांना सोपे गेले. आपल्याकडेही एखाद्याची पेढी भरभराटीस आली की तिच्यामागे गुप्तधन सापडल्याची कथा हमखास निघते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो बी. बी. किंग. १९२५ साली डेल्टातच जन्मलेला, लहानपणीच आई गमावलेला. पहिली गिटार त्याने पंधरा डॉलरला घेतली. मालकाने पैसे दिले आणि ते त्याच्या पगारातून कापून घेतले. आपल्याकडे ज्याला उचल म्हणतात तीच ही. पुढे तो एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवू लागला. १९४६ च्या सुमारास एके दिवशी ट्रॅक्टर कोठीत लावताना त्याचा धुराडा आपटून मोडला. भीतीने तो गिटार आणि खिशातील अडीच डॉलर घेऊन मेम्फिस शहरी पळाला. तेथे आईच्या नात्यातील बुक्का व्हाइट या नामांकित वादकाकडे काही महिने राहिला, शिकला. आणि मग परत आला. मालकासमोर उभा राहिला, पुन्हा त्याच मळ्यावर राबला आणि ट्रॅक्टरचे पैसे फेडले. त्यानंतरच तो कायमचा मेम्फिसला गेला आणि जगाचा बी. बी. किंग झाला. ज्या व्यवस्थेने त्याच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खोट्या बाकीत अडकवले, तिचे खरे देणे त्याने चुकवले. वसुलीत आयुष्य घालवलेल्या मला ही गोष्ट वाचून बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

न जुळणारा स्वर

पुन्हा शिकवणीकडे येतो. सहा महिन्यांनी बारा खण न अडखळता पार पडू लागले तेव्हा सरांनी सूर काढावयास शिकवले. ब्लूजमध्ये प्रामुख्याने पाच स्वर वापरतात : सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल की, ही आपल्या धानी रागाची स्वरावली आहे. मीही उत्साहाने तसेच वाजवू लागलो. सर म्हणाले, "काका, स्वर बरोबर आहेत, पण हा ब्लूज नाही."

गिटारच्या मानेवर फ्रेट नावाच्या धातूच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी एक ठरलेला स्वर देते. आम्ही ज्या पट्टीत वाजवतो तीत तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला कोमल गांधार मिळतो आणि सहाव्या फ्रेटला शुद्ध. ब्लूजला हवा असलेला गांधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. त्यासाठी पट्टीच नाही. पाचव्या फ्रेटवर तार दाबायची आणि बोटाने ती किंचित बाजूला ढकलायची. ताण वाढतो आणि स्वर चढू लागतो. किती ढकलायची हे कान ठरवतो. याला तिकडे ब्लू नोट म्हणतात. आपल्या मींडेची ती दूरची बहीण म्हणावी.

बँकेत हाताने खातेवह्या लिहिण्याच्या दिवसांत जमा-खर्चाचा मेळ बसेना तर काही पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत बसत असू. फरक राहिला की झोप येत नसे. अशा माणसाला सर सांगत होते की, दोन बरोबर स्वरांच्या मधला, कुठल्याच खात्यात न बसणारा स्वर शोधा आणि तो धरून ठेवा. प्रथम तो मला निव्वळ बेसूर वाटे. हळूहळू कान तयार झाला. ज्यांच्या आयुष्याचा हिशोब कधी जुळू दिला गेला नाही, त्यांनी तो न जुळलेला भाग खोडून न टाकता गाण्यात ठेवला, असे मला वाटू लागले. हे माझे वैयक्तिक मत आहे; संगीतज्ञ त्याची अन्य कारणे सांगतील.

तार ढकलताना आमची गिटार खरखरू लागली म्हणून ती घेऊन मी मिरजेला गेलो. सांगलीकरांना शेजारीच सतार-तंबोऱ्यांचे माहेर आहे हे भाग्य. तेथील एका वृद्ध कारागिरांनी गिटार कानाशी धरली आणि म्हणाले, "तंबोऱ्याला हा आवाज यावा म्हणून आम्ही घोडीवर तासन्‌तास जवारी काढतो, आणि तुम्ही तो घालवायला आलात!" त्यांनी घोडी थोडी उंचावली, दोन फ्रेट घासले आणि खरखर गेली. पैसे घेताना विचारले, "ह्यावर वाजवता काय?" मी बारा खण वाजवून दाखवले. दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी मांडीवर ठेका धरला. गिळलेली मात्राही नेमकी गिळली.

उशीर झाला आहे काय?

माझ्या वयाचे मित्र विचारतात, आता या वयात कशासाठी? त्यांना मी दोघांच्या गोष्टी सांगतो.

मिसिसिपी जॉन हर्ट याने १९२८ साली काही गीते ध्वनिमुद्रित केली. मंदीत तो व्यवसाय बुडाला आणि हर्ट शेतमजुरीकडे परतला. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच्याच गीतात आलेल्या ॲव्हलॉन या गावाच्या नावावरून एका चाहत्याने त्याला शोधून काढले. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो तरुणांनी त्याला ऐकले. १९६६ मध्ये तो गेला. पण ती तीन वर्षे त्याच्या वाट्यास आली.

दुसरी एलिझाबेथ कॉटन. ती डावखुरी होती. उजव्या हाताच्या लोकांसाठी बनवलेली गिटार उलटी धरून ती लहानपणी स्वतःच शिकली. त्यामुळे तिचे सारेच उलटे : बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने सूर. पुढे संसारात गिटार सुटली. अनेक दशके ती धुणीभांडी, स्वयंपाक अशी घरकामे करीत राहिली. ज्या सीगर कुटुंबात ती काम करी ते संगीतकारांचे घर होते. भिंतीवरची गिटार तिने एके दिवशी उतरवली आणि हात आपोआप चालू लागले. साठी ओलांडल्यावर, १९५८ मध्ये, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

ज्यांना कुणाला शिकावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. घरात पडून असलेली गिटार असेल तर आधी जाणत्या कारागिराकडून तारांची उंची ठीक करून घ्यावी. उंच तारांमुळे अनेक नवशिके सोडून देतात. तारा पातळ घ्याव्यात. रोज वीस मिनिटे वाजवावे. रविवारी दोन तास वाजवून बोटे सुजवण्यात अर्थ नाही. मेट्रोनोम हे ठोके देणारे यंत्र मोबाइलवर फुकट मिळते. ते मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून सुरुवात करावी आणि वेग वाढवण्याची घाई करू नये. संधिवात असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे, कारण पहिले तीन महिने खरी तपश्चर्या त्यांची असते.

वही दोघांची

डेल्टातील माणसे पुढे तेथे राहिली नाहीत. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले. त्यांपैकी एक मडी वॉटर्स. स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवताना त्याने ताशी साडेबावीस सेंटऐवजी पंचवीस मागितले, मुकादमाने झिडकारले आणि १९४३ मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली. अडीच सेंटांचा प्रश्न होता. गोंगाटाच्या शहरात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची गिटार घेतली आणि तिच्यातून पुढच्या रॉक संगीताला मोठी प्रेरणा मिळाली. 'रोलिंग स्टोन्स' या जगप्रसिद्ध इंग्रज मंडळींनी आपले नावच त्याच्या गीतावरून घेतले आहे. मळ्यावर असताना, १९४१ मध्ये, काँग्रेसच्या ग्रंथालयातर्फे आलेल्या संशोधकांनी त्याचे गाणे मुद्रित केले आणि पुढे त्याला दोन तबकड्या व वीस डॉलरचा धनादेश पाठवला. इतरांच्या वहीत आयुष्यभर नावे पडत आलेल्या माणसाच्या हाती त्याच्या स्वतःच्या आवाजाची प्रत आली. मला वाटते, त्या तबकडीची किंमत धनादेशापेक्षा त्याला अधिक वाटली असेल.

गेल्या दिवाळीत धाकटे चिरंजीव आले होते. पाडव्याला वहीपूजन झाल्यावर मी त्यांची गिटार काढली आणि बारा खणांची चार आवर्तने वाजवली. नवव्या खणात नेहमीप्रमाणे घाई झाली, पण अंगठा सुटला नाही. वाजवून झाल्यावर बारावीच्या वर्षाचा विषय मीच काढला आणि म्हणालो की, त्या वेळी तुला विचारायला हवे होते. तो काही बोलला नाही. गिटार हातात घेऊन तारा लावल्या, दोन खुंट्या किंचित पिळल्या आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही ठेका धरा, सूर मी काढतो."

जतकडच्या त्या वस्तीवर मी या वर्षी जाऊन आलो. ते गृहस्थ कधीच वारले. त्यांचा नातू भेटला. डाळिंबाची बाग करतो, कर्ज केव्हाच फिटले आहे. आजोबांशी माझा काय संबंध, असे त्याने विचारले. मी त्याला ती संध्याकाळ सांगितली, आणि तो कागद व्याजासकट कसा बनला होता ते, मुदलापासून शेवटच्या पैशापर्यंत, बसून समजावून सांगितले. आठवत होते तेवढे सारे. दहा मिनिटे लागली.